तिन्हीसांजेला हौदापाशी जायचं नाही

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. दर शनिवारी रात्री मैत्रिणी जमवून भयपट बघते. कधीकधी मीही शेजारी बसते. तोच जुना वाडा, तीच करकरणारी दारं, 'तिकडे जाऊ नकोस' म्हणणारी तीच म्हातारी. पुढे काय होणार ते आधीच कळतं. मुलगी म्हणते, "आई, त्यात अर्थ असतो." खरंच असतो का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : असतो. आणि तुम्हाला जे 'तेच ते' वाटतं, त्यातूनच तो येतो.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेलं. मागच्या चौकात कात्रजच्या पाण्याचा दगडी हौद होता. आजीचा दंडक होता : तिन्हीसांजेला हौदापाशी जायचं नाही, तिथे बाई बसलेली असते. आम्ही मुलं जीव मुठीत धरून लांबूनच पळायचो. मोठा झाल्यावर कळलं, त्या हौदात वाड्यातली एक सून गेली होती. 'पाय घसरला' असं सगळे सांगत, आणि सांगताना एकमेकांकडे बघत नसत. नियम अख्ख्या वाड्याला पाठ होता. त्यामागचं कारण मात्र कोणी उच्चारत नव्हतं.

भयपटातली म्हातारी मला नेहमी माझ्या आजीसारखी वाटते. तिने 'जाऊ नकोस' म्हटलं की नायिका जाणार, हे तुम्हाला-मला ठाऊकच असतं. म्हणजे 'जाईल का?' ही उत्सुकता संपली. मग मन दुसरीकडे वळतं : हा नियम घातला कोणी? ते दार बंद राहण्यात सोय कोणाची? चांगला दिग्दर्शक आपल्याला बरोबर इथे आणून उभं करतो.

विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७) मुलीबरोबर बघा. आठ महिन्यांची गरोदर नेहा नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते. एकाकी घर, बाहेरून आलेलं जोडपं, मध्येच दिसणारी मुलं, हे सगळं ओळखीचं. फक्त बंगल्याभोवतीच्या जंगलाच्या जागी ऊस आहे. आपल्याकडे ऊस म्हणजे भरभराट, पण एकदा आत शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. ह्या प्रकारच्या चित्रपटांच्या सवयीनं आपण धरून चालतो की पोटातल्या बाळाला भुतांपासून धोका आहे. तो समज दिग्दर्शक बराच वेळ तसाच राहू देतो. (पुढचं वाक्य चित्रपट बघितल्यावर वाचलंत तरी चालेल.) धोका असतो मुलगी नको असलेल्या जिवंत माणसांपासून, आणि भुतं असतात त्यांनीच संपवलेली. भूतपटाची जुनी चौकट नसती, तर आपण इतके फसलो नसतो, आणि फसलो नसतो तर आपली नजर पहिल्यापासून चुकीच्या दिशेला होती हे इतकं लागलंही नसतं. त्या रात्री मला हौदावरची बाई आठवली. तिला घाबरण्यात आमचं बालपण गेलं. ती तिथवर का गेली, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) पावसाकडे लक्ष ठेवा. एरवी भयपटात वीज कडाडली की समजावं, संकट आलं. इथे तुंबाडचा पाऊस थांबतच नाही. तो संकटाची वर्दी राहत नाही, गावाला जडलेला शाप होतो. आणि तुंबाडच्या वाड्यातल्या सोन्यामागे लागलेला नायक विनायक राहतो कुठे? आपल्या पुण्यात. कोरड्या, सुरक्षित शहरात संसार मांडायचा आणि पैसे संपले की त्या चिखलात परत जायचं. तिथेही, सोनं राखणाऱ्या राक्षसापाशी जाताना, नियम आहेतच : त्याला भुलवायला पिठाची बाहुली, स्वतःला वाचवायला पिठाचं रिंगण. बहुतेक भयपटांत नियम कुतूहलापोटी मोडतो. इथे तो हावेपोटी मोडतो, आणि तो मोडण्याचं शिक्षण बाप मुलाला देतो. मला त्या राक्षसापेक्षा ह्या शिकवणीची जास्त भीती वाटली.

भयपटाचे हे ठरलेले संकेत नुसतेच वापरणारे चित्रपटही ढिगानं आहेत. त्यांत दार करकरतं कारण दारानं करकरायचं असतं. ते सोडून द्या.

प्रश्न : भीतीच्या प्रसंगाला मी डोळे घट्ट मिटून घेतो, तरी दचकतोच. असं का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : कारण काम कानांवर चाललेलं असतं. १९४२ च्या 'कॅट पीपल' ह्या अमेरिकन चित्रपटात एक तरुणी रात्री एकटी चालली आहे, मागे दुसऱ्या पावलांचा आवाज. तो आवाज थांबतो. शांतता. आणि कानाशी फिस्कारल्यासारखा मोठा आवाज होतो : समोर बस येऊन थांबलेली असते, साधी प्रवाशांची बस! पुढे अशा दचकवण्याला तो चित्रपट करणाऱ्या मंडळींत 'बस' हेच नाव पडलं.

संकलनाच्या टेबलावर मी अनेक वर्षं काढली. आवाज चढवण्याआधी आम्ही बाकीचे आवाज काढून घेतो : पंखा, लांबचा कुत्रा, रातकिडे. प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, पण शरीर सावध होतं. पुढच्या वेळी डोळे मिटाल तेव्हा एवढंच ऐका, रातकिडे कधी थांबतात.