जुन्या कन्सोलकडे परतताना

लहानपणीचे गेम पुन्हा खेळावेत का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र सुरुवातीलाच कार्ट्रिजचा (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रात, म्हणजे कन्सोलमध्ये, बसवायच्या गेमच्या डब्यांचा) ढीग विकत घेऊ नका. एकच गेम निवडा आणि तो नीट खेळा.

निवड महत्त्वाची आहे, कारण सगळेच जुने गेम सारखे टिकलेले नाहीत. १९९० चा 'सुपर मारिओ वर्ल्ड' आजही हाताला लगेच बसतो. उलट १९९७ मध्ये गाजलेला 'गोल्डनआय ००७' एकाच अ‍ॅनालॉग स्टिकच्या (अंगठ्याने हव्या त्या दिशेला कलवायच्या दांडीच्या) कंट्रोलरसाठी घडवलेला असल्यामुळे, दोन स्टिकची सवय झालेल्या खेळाडूला तो अवघडल्यासारखा वाटतो. (यावर जुने चाहते माझ्याशी भांडतात, आणि भांडोत.) आवडता गेम आता कंटाळवाणा वाटला, तर निःसंकोच दुसरा घ्या.

नवख्यांच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात:

- कार्ट्रिजमध्ये फुंकर मारणे. श्वासातील ओलाव्यामुळे धातूच्या पट्ट्या गंजू शकतात; त्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसाव्यात.
- बटण दाबल्यावर गेममधली उडी उशिरा पडते म्हणून स्वतःला दोष देणे. आधुनिक टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना थोडा विलंब लावतात, म्हणून आधी त्यातील गेम मोड सुरू करा.
- सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) टिकत नाही म्हणून कार्ट्रिज टाकून देणे. अनेक कार्ट्रिजमध्ये सेव्ह जपणारी छोटी बॅटरी असते. ती बदलता येते, परंतु डाख देऊन बसवलेली असल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

जुन्या कन्सोलचे चित्र आधुनिक टीव्हीवर अधिक स्पष्ट दिसावे म्हणून वापरल्या जाणाऱ्या आरजीबी केबल आणि अपस्केलर यांचा विचार तूर्त करू नका.