भावाला डाऊन सिंड्रोम आहे, पॅकिंगचं काम मिळतंय, कंपनी म्हणते जॉब कोच आणा. हा कोच करतो काय, किती दिवस लागतो आणि पैसे कोण देतं?

मी कोच नाही, आधीच सांगते. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मसाल्याच्या पॅकिंगला अकरा वर्षं सुपरवायझर होती. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या लाइनवर एक पोट्टा आला, तुमच्या भावासारखाच, डाऊन सिंड्रोम, चोवीस वर्षांचा, आणि सोबत एका संस्थेची कोच ताई. तेव्हा सगळ्यात जास्त बोंब मीच मारली होती. टार्गेट माझं, आणि एका माणसाच्या जागेत दोघं उभे राहणार, म्हणजे कसं जमणार?

पहिले तीन दिवस तर ताईने त्याला आणलंच नाही. स्वतः टोपी घालून बायकांसोबत पाऊच भरत बसली. चौथ्या दिवशी वही दाखवली, एक खोकं भरायचं आमचं काम तिने चौदा तुकड्यांत लिहिलं होतं, खोकं उघडा, तळाला टेप लावा, टेपवरून हात फिरवा, असं. मी म्हटलं हे काय लिहून ठेवायचं आहे का बाप्पा. पण पोट्टा अडकला तो बरोबर सातव्या तुकड्यावर. खोक्यात बारा पाऊच जायचे आणि त्याला सहाच्या पुढे मोजता येत नव्हतं. ताईने रद्दीतल्या पुठ्ठ्याचा एक ट्रे केला, बारा खणांचा, अंड्यांचा असतो ना तसा. सगळे खण भरले की पाऊच उचलून खोक्यात. मोजायची भानगडच नाही. दुसऱ्या आठवड्यात बाजूच्या बायका तोच ट्रे मागून राहिल्या, कारण गप्पांच्या नादात त्यांचंही अकरा-तेरा व्हायचं आणि डिस्पॅचवाले शॉर्टेज म्हणून माझ्या डोक्यावर बसायचे.

तर कोच हे करतो. त्याच्या वाटचं काम करत नाही, काम त्याला जमेल असं लावून देतो. आणि हळूहळू सरकतो. आमची ताई पहिला आठवडा त्याला खेटून उभी, मग मागे, मग खांबाआड, मग वॉटर कूलरजवळ, पाचव्या आठवड्यात गेटवर वॉचमनजवळ बसून राहायची. सातव्या आठवड्यानंतर बंद. या काळात तिने त्याच्यापेक्षा जास्त आम्हाला शिकवलं असं मी म्हणीन. एका वेळी एकच गोष्ट सांगा, करून दाखवा, मग गप्प बसा. ते गप्प बसणं मला लय जड गेलं.

तीच सांगायची की आपल्याकडे या पोरांना आधी शिका, मग काम बघू असं म्हणतात आणि ती मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या करत चाळिशीला येतात, शिकणं काही संपत नाही. अमेरिकेत ते उलटं केलं, आधी खऱ्या कामावर लावा, तिथेच सोबत राहून शिकवा. १९८६ मध्ये तिथल्या कायद्यातही आलं. जॉब कोच ही भानगड तिथूनची.

येण्याजाण्याचंही तिनेच बसवलं. घर सीताबर्डीजवळ, मेट्रोने लोकमान्य नगर, पुढे कंपनीची गाडी. स्टेशनांची नावं पाठ करायला नाही लावली. सगळे उतरले की तू उतर, एवढंच. तेव्हा त्या लाइनची दोन्ही टोकं तीच होती, सीताबर्डी आणि लोकमान्य नगर, त्यामुळे जाताना येताना एकच नियम.

आता माझी चूक. दिवाळीच्या आधी खोकं बाराचं वीसचं झालं. मी सगळ्या लाइनला ओरडून सांगितलं आणि पुढे गेली. पोट्टा आपला बारा खणांचा ट्रे घेऊन, वीसच्या खोक्यात बारा. पस्तीस-चाळीस खोकी गेल्यावर डिस्पॅचवाल्याने पकडलं आणि मी सगळ्यांसमोर त्याला नको ते बोलली. त्याने टोपी काढली, तिची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि लोडिंगच्या पायरीवर जाऊन बसला तो सुट्टी होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. मी ताईला फोन लावला की या आणि समजवा त्याला. ती म्हणाली, "येते, पण मला सांगा, ट्रे कोणी बदलायचा होता?"

रविवारी स्कूटी काढून मीच त्याच्या घरी गेली. आई दारातच म्हणाली, "नाही पाठवत जी आता." पोट्टा आतून युनिफॉर्म घालूनच बाहेर आला, रविवार असून. सोमवारी ताई आली, वीसचा ट्रे केला, आणि शिकवायला मला लावलं, स्वतः कूलरजवळ.

डिसेंबरात मेट्रो प्रजापती नगरपर्यंत वाढली. सीताबर्डी शेवटचं राहिलंच नाही. पोट्टा नियमाप्रमाणे शेवटच्या स्टेशनला उतरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मेट्रोच्या गार्डने घरी फोन करून दिला. आईने कोचला बोल लावले, काकाने पोट्ट्याला. आपणच गोष्टी बदलतो, सांगत नाही, आणि मतिमंद कोण म्हणे तर तो. म्हणून तुमच्या भावाच्या कोचला पहिल्याच दिवशी विचारा की गेल्यावर फोन उचलणार का. नाही म्हटला तर दुसरा शोधा.

पैसे. आमच्याकडे संस्थेने दिले, कंपनीने एक रुपया नाही. तुमच्याकडे काय ते त्यांनाच लेखी विचारा, फक्त भावाच्या पगारातून कापू देऊ नका. आणि "कोच आणा, नाहीतर काम नाही" असं असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं नाव घ्या. २० किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी कंपनीला समान संधी धोरण सविस्तर लिहून ठेवावं लागतं, त्यात दिव्यांगांसाठी कोणत्या जागा, काय सोयी, ट्रेनिंग कसं, हे सगळं यायला पाहिजे. दाखवा म्हणा. अर्ध्या एचआरवाल्यांना ते असतं हेच माहीत नसतं.

किती दिवस? सात आठवडे आमचे. कोणाला दोन पुरतील, कोणाला वर्ष. आणि हो, मी हे एकाच पोट्ट्यावरून सांगते. मानसिक आजारातून उठून कामावर आलेल्या माणसाच्या बाजूला कोच उभा केला तर सगळ्या लाइनला कळेल, त्याला कदाचित फोनवरचाच कोच पाहिजे असेल. तुमच्या भावालाही विचारा, तुमच्या प्रश्नात त्याला काय पाहिजे ते कुठेच नाही.

आमचे एक साहेब होते, ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की काम कोचच करत होती, पोट्टा नुसता उभा. साहेब, ताई सात आठवड्यांत गेली, पोट्टा त्यानंतर अडीच वर्षं मी नोकरी सोडेपर्यंत त्याच लाइनवर होता आणि त्याच्या खोक्याचं शॉर्टेज त्या एका दिवसाशिवाय मला आठवत नाही. आणि तो बारा खणांचा ट्रे तुम्ही काइझेनमध्ये, म्हणजे कामातल्या सुधारणा दाखवतात त्यात, स्वतःच्या नावाने दाखवला, सर्टिफिकेट केबिनमध्ये लावलं. त्या फोटोत हातात धरलेल्या ट्रेच्या कोपऱ्यावर पोट्ट्याने स्केचपेनने काढलेलं फूल आहे, झूम करून बघा.