ऑनलाइन दुकानाचा बॅनर फुकटच्या साधनांत केला तर तो 'फुकटचा' दिसतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : म्हापशाहून घरगुती लोणच्यांचे छोटे ऑनलाइन दुकान सुरू करायचे आहे, बॅनरसाठी कॅन्व्हा वापरावे की गिम्प (चित्रे करायची, फुकट मिळणारी दोन साधने), माप किती ठेवावे, आणि 'फुकटात केलेले फुकटचेच दिसते' असे आपले चुलत भाऊ म्हणतात ते खरे आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याला कोणीही देईल. तिसरे वाक्य मात्र मी आमच्या स्वयंपाकघरात, जवळजवळ याच शब्दांत, माझ्या दिरांच्या तोंडून ऐकलेले आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, कुळागराला (सुपारीच्या बागेला) लागून आहे. सासूबाई दरवर्षी भिरंडीची सोलां (कोकमाची आमसुले) करतात आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) काढतात. चार वर्षांपूर्वी, पाऊस लागायच्या आत सोलां वाळून डब्यांत गेली की ती ऑनलाइन विकायची, असे घरात ठरले, आणि बॅनरचे काम दिरांनी पणजीतल्या एका ओळखीच्या डिझायनरकडे सोपवले. त्याने ३,५०० रुपये घेतले आणि आठ दिवसांनी जे चित्र पाठवले, त्यात मावळता सूर्य होता, वाकलेले दोन माड होते, एक होडी होती आणि 'गोवा' हा शब्द आमच्या मालाच्या नावापेक्षा तिप्पट मोठा होता. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही. होडीत तर सासूबाई आयुष्यात एकदाच बसल्या, त्याही फेरी बोटीत. शिवाय मावळतीच्या केशरी रंगावर पिवळी अक्षरे टाकलेली असल्यामुळे मजकूर असा नव्हताच, नुसती एक चमक होती.

तेही चालवून घेतले असते. पण खाली एका ओळीत देवनागरीत मालाचे नाव होते, आणि रोजचे वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या सासूबाईंनी मोबाइल हातभर लांब धरून विचारले, "हे 'भरिंड' म्हणजे काय गे?" मी पाहिले तर खरोखरच 'भरिंडीची सोलां' असे छापले होते. भ-ची पहिली वेलांटी भ-च्या आधी यायच्या ऐवजी नंतर पडली होती आणि त्यामुळे ती र-ला चिकटली होती. याचे कारण अगदी साधे आहे. संगणकात 'भि' साठवताना आधी भ आणि मग वेलांटी साठवली जाते. दाखवताना वेलांटी डावीकडे आणून ठेवायचे काम सॉफ्टवेअरचे असते. महागड्या सॉफ्टवेअरांतही भारतीय लिप्यांची ही जुळणी कधी कधी सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागते, आणि ती त्याने केलेली नव्हती. मी हे फोनवर सांगितल्यावर त्याचे उत्तर असे आले की मराठीत हे असेच येते, आपण ती ओळच काढून टाकू, कारण देवनागरीत लिहिले की माल स्वस्त वाटतो. दीर शेजारी बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "वहिनी, त्याला कळते ते."

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी गिम्प उतरवून घेतले. हे सॉफ्टवेअर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतले, तेव्हापासून आजपर्यंत ते फुकट आहे आणि २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. तीस वर्षे माणसे ज्यावर काम करत आहेत त्याला किंमत नाही म्हणून ते हलके, हा हिशेब मला कधी पटला नाही. विशेष म्हणजे त्यात 'भिरंड' हा शब्द पहिल्याच फटक्यात बरोबर उमटला, कारण देवनागरीची जुळणी त्यात मुळातूनच आहे.

छायाचित्र सकाळी आठच्या सुमारास अंगणात काढले. सुपात पसरलेली सोलां, कडेने येणारे ऊन, आणि मीठ जिथे सुकले होते तिथे बारीक पांढरे कण. भर दुपारी काढलेल्या चित्रांत तीच सोलां काळी ढेकळे दिसत होती, म्हणून वेळ सांगते आहे. सूप मी चौकटीच्या उजवीकडे ठेवले आणि डावीकडची अर्धी जागा नुसत्या शेणाने सारवलेल्या जमिनीला दिली, म्हणजे तिथे अक्षरे बसवता येतील. मग रंग उचलण्याच्या साधनाने एका ओल्या सोलाचा गडद जांभळा रंग घेतला, त्याचा पट्टा डावीकडे टाकला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'भिरंडीची सोलां' एवढेच लिहिले. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किती असावा याचे वेबसाठी ठरलेले निकष आहेत, साध्या मजकुराला ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १; तो मोजून देणारी पानेही फुकट मिळतात. गडद जांभळ्यावर पांढरे त्यात सहज बसते. केशरीवर पिवळे सहसा बसत नाही.

अक्षरांबद्दल मी थोडी जास्त लिहिणार आहे, कारण या साधनांतले तयार साचे (टेम्प्लेट) बहुतेक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि आपले लोक त्यात मराठी तशीच ओततात. साच्यात अक्षरांमधले अंतर वाढवलेले असेल, तर ते आधी शून्यावर आणा. रोमनमध्ये ते ऐटदार दिसते, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा होतो. दोन ओळींमधले अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर जाऊन बसतो. सजावटी फाँट निवडण्यापूर्वी त्यात ळ लिहून पाहा. हिंदीपुरते बनवलेले काही फाँट ळ-ला जागाच देत नाहीत, मग 'आगळ' लिहिले की शेवटचे अक्षर भलत्याच फाँटमधून उसने आणलेले दिसते. आपल्या लोणच्यांत 'आवळा' असेलच, म्हणून हे सांगितले. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फाँटांत दोन्ही वळणे भरलेली असतात आणि गिम्पमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवली की आपले वळण येते. 'सोलां'मधल्या ल-साठी मी त्या रात्री पाऊण तास घालवला, हे दिरांना अजून माहीत नाही. 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे 'एक टाइप' या मुंबईच्या गटाचे फाँट खुल्या परवान्याखाली आहेत, धंद्यासाठी वापरायलाही पैसे पडत नाहीत. मी बलू घेतला, कारण तो जाड आहे आणि लहान पडद्यावर टिकतो.

टिकतो म्हणजे काय, ते मापाच्या हिशेबात पाहा. बॅनर १९२० बिंदू (पिक्सेल) रुंद केला आणि मोबाइलवर तो ३६० बिंदूंच्या रुंदीत दिसला, तर सगळे काही पाच पटींहून अधिक लहान होते. आपण मोठ्या हौसेने ६० बिंदू उंचीचे केलेले अक्षर तिथे जेमतेम ११ बिंदूंचे उरते. म्हणून बॅनरवर पत्ता, फोन नंबर, 'शुद्ध घरगुती', 'आजीच्या हातची चव' असे काही लिहू नका. एक नाव, एक वस्तू. मजकूर कडांपासून आत ठेवा, कारण मोबाइलवर कडा कापल्या जातात आणि काही ठिकाणी दुकानाचे गोल चित्र डाव्या कोपऱ्यावर चढते. नेमके माप आपण ज्या ठिकाणी दुकान मांडणार आहात तिथल्या मदतीच्या पानावर दिलेले असते, तेच धरा. तयार चित्राचे वजनही पाहा. त्या डिझायनरची फाइल ४ मेगाबाइटची होती. माझी स्क्वूश या फुकट साधनातून जेपेगच्या ८० गुणवत्तेवर काढली, ती २०० किलोबाइटच्या आत आली आणि डोळ्यांना फरक दिसला नाही.

कॅन्व्हा की गिम्प, तर संगणकाची सवय नसेल आणि उद्याच बॅनर हवा असेल, तर कॅन्व्हा घ्या. त्याच्या फुकट आवृत्तीत माप सुरुवातीलाच नीट टाका, कारण झालेल्या चित्राचे माप एका झटक्यात बदलायची सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे. मुकुटाचे चिन्ह असलेल्या चित्रांना हात लावू नका, आणि शोधाच्या चौकटीत 'गोवा' हा शब्द टाकू नका, माड आणि होडी तिथूनच येतात. आपल्या बरणीचे छायाचित्र आपणच काढा.

आता दिरांच्या बाजूचेही सांगायला हवे. आमच्या बॅनरवर पुण्याच्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी 'भिरंड म्हणजे काय' असे विचारले, तेव्हा दीर म्हणाले होते की 'कोकम' लिहा, आणि मी मुद्दाम ऐकले नव्हते. सहा महिन्यांनी खाली बारीक अक्षरांत 'म्हणजे घरची आमसुले' अशी ओळ घातली आणि तो प्रश्न बंद झाला. पैसे घेणारे सगळे डिझायनर वाईट असतात असेही नाही. मराठी वाचणारा मिळाला तर जरूर द्या.

शिवाय हे सगळे पडद्यापुरते आहे. गावच्या जत्रेतल्या फेरीत (बाजारात) फ्लेक्स लावायचा झाला तर हीच फाइल चालणार नाही, कारण १९२० बिंदू सहा फुटांवर ताणले की एका इंचाला २७ बिंदूही येत नाहीत आणि सोलां पुन्हा ढेकळे होतात. यंदा आम्हालाही फ्लेक्स हवा आहे आणि त्यासाठी भावोजी पुन्हा त्याच माणसाकडे गेले आहेत. छायाचित्राची मूळ मोठी फाइल मी दिली आहे, मजकूर कागदावर हाताने लिहून दिला आहे, आणि छापण्यापूर्वी नमुना सासूबाईंनी वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे ठरले आहे.