पर्समध्ये काय ठेवावं, काय ठेवू नये

प्रश्न : रात्री दहाला शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने येते, स्टॉपपासून घर बरंच आत आहे. पेपर स्प्रे घ्यायचा आहे, पण दुकानात प्रत्येक डब्यावर ‘सर्वांत तिखट’ असंच लिहिलेलं. कोणता घ्यावा?
– वाचक, पिंपरी

उत्तर : तिखटपणाचा आकडा बाजूला ठेवा आणि फवारा कसा पडतो ते आधी विचारा. धुक्यासारखा पसरणारा फवारा नेम चुकला तरी चेहऱ्यापर्यंत पोचतो, पण वारा समोरून असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येतो. सरळ धार वाऱ्याला फारशी भीक घालत नाही, आणि रिक्षात किंवा जिन्यात वापरायची वेळ आली तर हवेतही कमी पसरते. तिला नेम मात्र लागतो. तुमच्यासाठी धारेचा किंवा जेलचा (घट्ट, चिकट धारेचा) डबा योग्य.

मग झाकण पाहा. अंगठ्याने झाकण उचलून किंवा खटका सरकवूनच दाबता येईल, पर्समध्ये आपोआप दाबला जाणार नाही, असाच घ्या. मुदतीची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तिखट द्रव बराच काळ टिकतो, आतल्या वायूचा दाब मात्र हळूहळू कमी होतो. जुन्या डब्याची धार हातभर अंतरावरच गळून पडते.

आणल्यावर एकदा चाचणी घ्या. मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून, आसपास कुणी नाही हे पाहून, अर्धा सेकंद दाबा. डब्याच्या तोंडाशी राहिलेला थेंब कागदाने पुसा आणि हात साबणाने धुवा. तोवर डोळ्यांना हात लावू नका. त्यानंतर अधूनमधून डबा हलवून ठेवा. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत तो कधीच ठेवू नका, दाबाखालचे डबे ५० अंशांच्या पुढे फुटू शकतात.

धरायचा तो मुठीत, अंगठा वर. तर्जनीने दाबलं की पकड सैल पडते आणि झटापटीत डबा हातातून जातो. छोट्या डब्यांचा खरा पल्ला दोन-तीन मीटर. डोळ्यांच्या रेषेत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एक-दोन सेकंद मारा आणि लगेच बाजूला सरकून उजेडाच्या, माणसांच्या दिशेने निघा. परिणाम झाला का हे पाहत थांबू नका. काहींवर तो काही सेकंदांनी होतो, आणि दारू प्यालेला किंवा पेटलेला माणूस तेवढ्या वेळात अंगावर येऊ शकतो. हेल्मेटची काच खाली असलेल्या माणसावर स्प्रेचा भरवसा धरू नका.

डबा पर्सच्या तळाशी, टिफिनखाली असेल तर तो नसल्यातच जमा. बसमधून उतरण्याआधीच हातात घ्या आणि घराच्या दारापर्यंत हातातच असू द्या.

प्रश्न : घरची मिरचीपूड पुडीत बांधून ठेवली तर चालणार नाही का?
– वाचक, सांगली

उत्तर : नाही. पुडी सोडायला दोन्ही हात लागतात, पूड हाताच्या अंतरापलीकडे जात नाही, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की निम्मी तुमच्याच तोंडावर. डोळ्यांना चिकटून राहील असा तेलकट अर्क स्प्रेत असतो, पुडीत नसतो.

प्रश्न : मुलगी कॉलेजसाठी पुण्याला राहते. तिच्या बॅगेत छोटा फोल्डिंग चाकू द्यावा असं मला वाटतं. कायदा आड येतो का?
– एक वडील, लातूर

उत्तर : कायद्याआधी चाकूचं बोलू. चाकू दुरून कुणाला थांबवत नाही. त्यासाठी हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, आणि तिथे जास्त ताकदीचा माणूस तो हिसकावतो. लॉक नसलेलं पातं जोर लागला की मिटून स्वतःच्याच बोटांवर येतं.

आता कायदा. शस्त्र नियमांतल्या पात्याच्या ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीच्या मर्यादेवरून, त्याखालचं सगळं चालतं, असा अनेकांचा समज आहे. तो धोक्याचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश लागू असेल, तर चाकूच काय, काठी बाळगणंही गुन्हा ठरतं. शिक्षा कलम १३५ खाली. शहरांत असे आदेश वारंवार निघतात. बोटांत घालायचा लोखंडी फायटरही नको.

स्वसंरक्षणाचा हक्क तिला आहेच. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्याबद्दलच आहेत. पण त्याच संहितेच्या कलम ३७ प्रमाणे बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि धोका टळला की हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीवर केलेला वार बचाव ठरत नाही. अठरा वर्षांच्या मुलीने घाबरलेल्या क्षणी हे मोजमाप करावं अशी अपेक्षा तुम्ही तिच्यावर लादू नका. तिला स्प्रे द्या, आणि फोनचं पॉवर बटण झटपट तीनदा दाबून ११२ ला कॉल जातो का, हे तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये तिच्याबरोबर बसून तपासा.

बोटांच्या फटीत किल्ल्या धरण्याचा सल्लाही तिला कुणीतरी देईल. तसा ठोसा मारला तर किल्ली वळते आणि तिचीच बोटं सोलवटतात.

प्रश्न : वय ६७. पहाटे फिरायला जाते. स्प्रेची भीती वाटते. दुसरं काय?
– वाचक, नाशिक

उत्तर : पिन ओढली की किंचाळणारा अलार्म आणि एक टॉर्च. अलार्मची पिन मनगटाच्या दोरीला बांधा आणि अलार्म मुठीत धरा, म्हणजे हिसका बसला तरी तो वाजतो, आणि पिन तुमच्याकडेच असल्याने दुसऱ्याला बंद करता येत नाही. आतल्या बटण सेलवर महिन्यातून एकदा लक्ष ठेवा. आवाज अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, म्हणून वस्तीतून जाणारा रस्ताच निवडा. ओसाड मैदानात अलार्मचा उपयोग नाही. टॉर्च मागच्या टोकाला एकच बटण असलेली, ३०० ल्युमेनच्या (उजेडाचं माप) आसपासची घ्या. पाच-सहा मोडवाली नको. ऐन वेळी नेमका मंद उजेडच सुरू होतो. कुत्र्यांसाठी हातात लांब दांड्याची छत्री असू द्या. गळ्यातली सोनसाखळी घरी ठेवा. तरी कुणी गाडीवरून गळ्याला हात घातलाच तर ती सोडून द्या. धरून ठेवणाऱ्या बायका फरफटत जातात.

प्रश्न : मुलगा सप्टेंबरमध्ये इंग्लंडला शिकायला चाललाय. इथला स्प्रे बरोबर देऊ का?
– वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नको. विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही. शिवाय १९६८ च्या तिथल्या फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे पेपर स्प्रे हे प्रतिबंधित शस्त्र आहे; नुसता खिशात सापडला तरी अटक होऊ शकते. अलार्म आणि टॉर्च तिथे चालतात. आणीबाणीचा क्रमांक ९९९.

प्रश्न : चाचणी करताना स्प्रे डोळ्यांत गेला तर?
– वाचक, गोवा

उत्तर : चोळू नका. मोकळ्या हवेत या, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, डोळे उघडझाप करत थंड वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. त्वचेवरचा अर्क तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही. तिथे साबण वापरा, तेल किंवा मलम लावू नका. आग बहुधा तासाभरात उतरते. दम्याच्या माणसाला धाप लागली, किंवा धुऊनही धूसर दिसत राहिलं, तर लगेच दवाखाना गाठा.