एक व्यक्ती, तीन खाती

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेत कर्मचाऱ्यांची नोंद एलडॅप डिरेक्टरीत (खात्यांच्या मध्यवर्ती यादीत), विद्यार्थ्यांची जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे आणि ग्रंथालयात गूगल खात्याने लॉगिन होते. काही कर्मचारी येथेच शिकतातही. त्यांची खाती ईमेलवरून जोडावीत का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : केवळ ईमेलवरून जोडू नयेत. नोकरी सोडलेल्या व्यक्तीचा पत्ता पुढे नव्या कर्मचाऱ्याला दिला गेला, तर जुन्या व्यक्तीचे सारे अधिकार नकळत त्याच्याकडे जातात. नावावर तर मुळीच विसंबू नये. गोव्यात नाईक आणि गावकर पुष्कळ आहेत, शिवाय एकच आडनाव रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. प्रत्येक व्यक्तीला कधीही न बदलणारा अंतर्गत क्रमांक द्यावा आणि वेगळ्या तक्त्यात त्याच्यापुढे स्रोताचे, म्हणजे खाते ज्या प्रणालीत आहे तिचे, नाव व त्या स्रोतातील कायम ओळख नोंदवावी. गूगलसाठी ‘सब’ (sub) हे खात्याची कायम ओळख असलेले मूल्य, एलडॅपसाठी तशीच ओळख म्हणजे ‘एंट्रीयूयूआयडी’ (entryUUID). एका सेवेच्या खात्याने दुसरीकडे लॉगिन करण्यासाठीचे ओपनआयडी कनेक्ट हे मानकही ओळख देणारी सेवा आणि ‘सब’ यांच्या जोडीवरच भिस्त ठेवायला सांगते. संभाव्य जुळणी शोधायला ईमेल चालेल. पण जोडणी मात्र त्या व्यक्तीने दोन्ही खात्यांत स्वतः लॉगिन करून दाखवल्यावरच पक्की करावी, कारण चुकून जोडलेली दोन माणसे नंतर वेगळी करणे फार कष्टाचे असते. कीक्लोकसारखी लॉगिन सांभाळणारी मुक्त प्रणाली अशी फेरपडताळणी करून घेऊ शकते.