सवलतीच्या सुपरमार्केटातून आठवड्याचा बाजार केला तर खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण सगळंच तिथून घेऊ नका. मी म्हापशात राहते, चार माणसांचं घर. डाळी, तेल, साखर, साबण सुपरमार्केटात किंवा गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानात. भाजी मात्र फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर, तिथे सरकारी अनुदानामुळे कांदे-बटाटे, टोमॅटो बाजारापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतात. सकाळी लवकर जा, चांगला माल आधी संपतो. नारळ, मिरच्या, सोलं (आमसुलं) शुक्रवारच्या बाजारात, हातात घेऊन, वाजवून, वास घेऊन.

आणि 'मोठं पाकीट स्वस्त' हे डोक्यातून काढा! एमआरपीजवळ बारीक अक्षरांत एकक दर, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात ते, छापलेला असतो, तो बघा. किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमचा असतो, मोठ्यावर किलोचा, म्हणून तुलना करताना चुकायला होतं. समजा अर्ध्या किलोवर ग्रॅमला 0.12 रुपये आहे, म्हणजे किलोला 120. दोन किलोवर किलोला 128 छापलंय. मग लहान चार घ्या.

'एकावर एक फुकट'वाल्या मालाची मुदत तपासाच. पावसात गोव्याच्या दमट हवेत रवा-पिठात लवकर पोरकिडे होतात. फुकटचं पाकीट शेवटी कचऱ्यात जातं.