व्हॉल्व्ह बदलण्याआधी सॉकेट बघा

पाऊस सरला की गिटारचा ट्यूब अँप (अॅम्प्लिफायर) वापरणाऱ्यांचे प्रश्न एकदम वाढतात. चार महिने कोपऱ्यात बसलेला अँप कार्यक्रमासाठी बाहेर निघतो आणि कुरकुरायला लागतो. या वेळी व्हॉल्व्ह बदलण्याबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत. तरुण मंडळी ट्यूब म्हणतात, रेडिओच्या जमान्यातली माणसं व्हॉल्व्ह म्हणतात; वस्तू एकच, आवाजाचा सिग्नल वाढवणारी काचेची नळी.

प्रश्न (मालवण): दोन ईएल८४ (स्पीकरला जोर देणाऱ्या पॉवर ट्यूब) आणि तीन १२एएक्स७ (त्याआधीच्या छोट्या ट्यूब) असलेला १५ वॅटचा अँप आहे. पावसाळ्यानंतर चालू केला तर सतत खरखर येते, मध्येच आवाज बसतो. दुकानदार म्हणतो, पाचही ट्यूब बदला. बदलू का?

उत्तर: नका बदलू, निदान लगेच तरी नको. समुद्राजवळच्या घरातला अँप खरखरला की मी आधी सॉकेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या पिना खोचायची जागा, बघतो. तुमच्या खिडकीच्या बिजागऱ्यांचं दोन वर्षांत काय होतं ते तुम्ही बघताच. सॉकेटमधल्या पातळ पत्र्याच्या पकडीही त्याच हवेत असतात. मिठाचा थर हवेतला ओलावा धरून ठेवतो, पत्र्यावर हिरवट-काळपट कीट चढतं आणि पिनेला पकड कधी लागते, कधी सुटते. खरखर येते ती तिथून.

सुरुवातीच्या काळात मी एका गायनवृंदाच्या अँपला सगळे व्हॉल्व्ह नवे घालून दिले. आठ दिवसांत अँप परत आला, तीच खरखर घेऊन. सॉकेट भिंगाखाली धरलं तेव्हा एका पकडीत हिरवा ठिपका दिसला, मोहरीच्या दाण्याहून लहान. पैसे मी परत केले, पण त्यांचे चांगले जुने व्हॉल्व्ह तोवर कचऱ्यात गेले होते. त्याची खंत अजून आहे.

तुम्ही असं करा. अँप बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि अर्धा तास थांबा. व्हॉल्व्ह सरळ ओढून काढा, अगदी थोडा गोल हलवत. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्याच ओल्या पिनांनी व्हॉल्व्ह तीन-चार वेळा आत-बाहेर करा, मग सगळं पूर्ण वाळू द्या. सॉकेटच्या भोकात सुई, तार, ब्रश असलं काहीही घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ४००-५०० व्होल्ट शिल्लक असू शकतात आणि ते थेट त्या पकडींपर्यंत आलेले असतात. गंज सोडवायचं तेलही नको. त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

एवढं करूनही खरखर राहिली, तर अँप चालू असताना लाकडी पेन्सिलीने एकेका १२एएक्स७ वर हलकी टिचकी मारा. थोडी टकटक स्पीकरमधून येणारच, गिटारच्या जॅकजवळच्या पहिल्या व्हॉल्व्हवर जरा जास्त. पण एखादा घंटेसारखा घुमला किंवा शिट्टी मारू लागला, तर तो मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे हादऱ्याचाच आवाज करायला लागलाय. आता अँप बंद करून, गार होऊ देऊन, संशयित व्हॉल्व्हची दुसऱ्या १२एएक्स७ बरोबर अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह खराब. दोष जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा त्याच्या मागचं काहीतरी. यासाठी एक नवा १२एएक्स७ घरात ठेवावा. ईसीसी८३ या नावाने मिळाला तरी तोच.

काचेच्या आतला चंदेरी डागही बघून घ्या. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह संपला. तेवढा एकच बदला.

प्रश्न (सावंतवाडी): ५० वॅटच्या अँपमध्ये ईएल३४ ची नवी जोडी मी स्वतः बसवली. दहा मिनिटांत एका ट्यूबच्या आतला पत्रा लालबुंद झाला. निळा उजेडही दिसतो. ट्यूबच खराब आली का?

उत्तर: अँप चालू असेल तर हे वाचायचं थांबवून आधी बंद करा. निळ्या उजेडाची काळजी नको, काचेच्या आतल्या बाजूला तो बऱ्याच चांगल्या व्हॉल्व्हमध्ये दिसतो. लाल पत्रा मात्र काही मिनिटांत व्हॉल्व्ह घालवतो, आणि सोबत व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला आऊटपुट ट्रान्सफॉर्मरही नेऊ शकतो.

पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या जाळीला, ऋण व्होल्टेज देऊन करंट आवरून धरलेला असतो, त्याला बायस म्हणतात. नळाची तोटी किती पिळायची, तसं. दोन ईएल३४ वरून सारखे दिसले तरी तोटीला सारखे दाद देतील असं नसतं, म्हणून जोडी जुळवलेली घ्यायची आणि बायस नव्याने लावायचा. हिशोब असा: ईएल३४ च्या प्लेटची (तोच आतला पत्रा) मर्यादा २५ वॅट. शांत अवस्थेत तिच्या साधारण ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे साडेसतरा वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर एका व्हॉल्व्हला जास्तीत जास्त ३९ मिलिअँपिअर.

तुमचा एकच व्हॉल्व्ह लाल होतोय, त्यामुळे नुसता बायस चुकीचा लागलेला असण्यापेक्षा त्या एका ग्रिडपर्यंत ऋण व्होल्टेज पोचतच नाही अशी शंका मला जास्त आहे. ईएल३४ ची ग्रिड पाच नंबरच्या पिनेवर असते. तिथली पकड सैल झाली असेल किंवा त्या आधीचा कपॅसिटर गळत, म्हणजे अडवायची ती वीज आरपार सोडत असेल. व्हॉल्व्ह सदोष असणंही शक्य आहे. दोघांची अदलाबदल करून, नजर न हटवता मिनिटभर बघा. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे, परत पाठवू नका.

पुढचं काम चॅसिस (अँपचा आतला धातूचा सांगाडा) उघडून करायचं आहे. ते शिकलेल्या माणसाकडेच न्या, मी हात जोडून सांगतो. आणि फ्यूज उडालाच असेल तर त्याच मापाचा लावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चालवलेले अँप माझ्याकडे जळूनच येतात.

प्रश्न (अलिबाग): माझ्या ६एल६ च्या अँपमध्ये ईएल३४ बसतात. घालून बघू का?

उत्तर: नको. दोघांचा बूड आठ पिनांचा, म्हणून बसतात. पण ६एल६ चा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) ०.९ अँपिअर घेतो आणि ईएल३४ चा दीड, हा जादा भार तुमच्या ट्रान्सफॉर्मरला झेपेलच असं नाही. बायसही वेगळा लागतो, आणि एक नंबरच्या पिनेची जोडणीही. कंपनीने दोन्ही चालतील असं सांगितलं असेल तरच घाला.

प्रश्न (गुहागर): दरवर्षी दोनदा पॉवर ट्यूब बदलाव्या लागतात. बहुतेक कार्यक्रम जत्रेत, जनरेटरवर होतात. चांगल्या कंपनीच्या कोणत्या घेऊ?

उत्तर: त्याच पैशात आधी चांगला स्टॅबिलायझर घ्या. जनरेटरवरून २३० च्या जागी २६० व्होल्ट आले की ६.३ व्होल्टच्या हीटरला ७.१ मिळतात, प्लेटचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो, आणि व्हॉल्व्ह झपाट्याने म्हातारे होतात. १८० वर उतरले की हीटर पाचच्याही खाली जातो, आवाज दबतो. मग वाजवणारा व्हॉल्यूम वाढवतो आणि दोष ट्यूबवर येतो. स्टेजवर अँप जोडण्याआधी मल्टिमीटरने विजेच्या सॉकेटमधले व्होल्ट मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. कार्यक्रम संपल्यावर अँप लगेच टेम्पोत चढवू नका. व्हॉल्व्ह गार होईपर्यंत बाकीचं सामान आवरा. तापलेल्या व्हॉल्व्हला घाटातले खड्डे सोसत नाहीत. आणि स्पीकरची वायर जोडल्याशिवाय अँप कधीही वाजवू नका.

प्रश्न (रत्नागिरी): आजोबांचा जुना रेडिओ माळ्यावर आहे. त्यातले व्हॉल्व्ह गिटारच्या अँपला चालतील का?

उत्तर: मागचं झाकण काढून काचेवरची नावं वाचा. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ रेडिओंमध्ये ईएल८४ किंवा ईसीएल८२ आवाजाचं काम करायचे, सोबत ईसीएच८१ आणि ईबीएफ८९ असायचे. या सगळ्यांना नऊच पिना, म्हणून ते तुमच्या अँपच्या नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये जातीलही. पण पिनांची जोडणी वेगळी असते; ईएल८४ च्या जागी ईएल८४ च घालायचा. काचेवर बीईएल लिहिलेलं दिसलं तर तो बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, आपल्याकडेच बनलेला.

पण माझं ऐकाल तर रेडिओतला व्हॉल्व्ह काढू नका. तुमच्या अँपला ईएल८४ लागत असले तरी जुळलेली जोडी हवी, रेडिओत ईएल८४ बहुधा एकच निघेल, तोही किती वापरलेला कोण जाणे. तो एक काढला की रेडिओ मुका. त्यापेक्षा तो रेडिओच दुरुस्त करून घ्या. मात्र प्लग लावून बघायचा मोह आवरा. साठ वर्षांत आतले कागदी कपॅसिटर ओल धरून गळायला लागलेले असतात. ते आधी बदलून घ्या, मग वीज द्या.